चार पट्ट्यांचा सालगडी

माणूस एका जागी बांधून कसा ठेवावा, हे आपल्याकडे शेतकऱ्याला बरोबर कळले होते. पाडव्याला सालगडी ठेवला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो कुठे जात नसे. आमच्या धायरीत रायकर मळा हा खरोखरचा मळा होता, तेव्हा गावाला ही पद्धत नवी नव्हती. पुढे मळ्यांवर सोसायट्या चढल्या, २०१७ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले आणि सालगडी गेला तो गेलाच, असे जुनी माणसे हळहळून म्हणू लागली. त्यांनी हळहळू नये. नेमक्या त्याच वर्षी दिल्लीत डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ही पद्धत विमानात नेऊन बसवली. कॅप्टनला नोकरी सोडायची असेल तर पूर्ण एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. शिवाय जुन्या कंपनीचे ना-हरकत पत्र. ते हातात नसेल तर दुसरी कंपनी उभे करत नाही.

हा नियम मला मनापासून आवडतो. का आवडतो ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्याची म्हणावी तशी कदर झालेली नाही.

सालगड्याच्या जुन्या व्यवस्थेत एक खोट होती. उचल मालकाला द्यावी लागे. वर धान्य, पाडव्याला कपडे, पायात वहाणा. विमान कंपन्यांनी ही खोट काढून टाकली. इथे उचल गडी देतो.

बारावीला फिजिक्स आणि गणित असले की मूल पात्र ठरते. मग क्लास टू मेडिकल, क्लास वन मेडिकल, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि रेग्युलेशन्सचे पेपर, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा, आणि बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर, जिथे जागा मिळेल तिथे राहून २०० तासांचे उड्डाण. खर्च पन्नास लाखांच्या घरात. एवढे झाल्यावर हातात जे लायसन्स येते त्यावर प्रवाशांचे मोठे विमान उडवता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ साठी टाइप रेटिंग वेगळे करावे लागते, त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. मोठ्या कंपनीच्या कॅडेट योजनेतून गेले तर एकूण आकडा एक कोटीच्या पुढे जातो. गडी कामावर येण्याआधी त्याच्या बापाने एक कोटी मोजायचे, ही कल्पना आमच्या पाटलांच्या सात पिढ्यांना सुचली नसती.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या मुलीचे कर्जाचे कागद जमवताना मी तिथे बसलो होतो. जेवणाच्या टेबलावर निळा प्लास्टिकचा फोल्डर, त्यात फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू, तीन वर्षांची रिटर्न्स, सोसायटीचे ना-हरकत पत्र. वडील एकेक कागद काढून त्याच्या कोपऱ्यात सही करत होते. सगळ्या सह्या झाल्यावर आईने विचारले, "अहो, फ्लॅट तारण ठेवला आणि हिला नोकरीच लागली नाही तर?"

"आई, देशात पायलटांची टंचाई आहे. रोज पेपरात येतं," मुलगी म्हणाली.

मुलगी खोटे बोलत नव्हती. टंचाई आहे. ती कॅप्टनांची आहे. कॅप्टन व्हायचे तर एटीपीएल लायसन्स लागते आणि त्याला १,५०० तासांचे उड्डाण लागते. ते तास मिळवायचे तर आधी को-पायलटची नोकरी लागते. आणि दोनशे तासांचे कोरे लायसन्स घेऊन त्या नोकरीची वाट बघणारी मुले घरोघर आहेत. एकाच धंद्यात एकाच वेळी टंचाई आणि बेकारी दोन्ही नांदवणे ही सोपी कामगिरी नाही. टंचाईमुळे सरकारला नोटिशीचा नियम करता येतो आणि बेकारीमुळे कंपनीला मुलांकडून बाँड लिहून घेता येतो. दोन्ही बाजूंनी दोर पक्का बसतो.

आता नियमाची सर्वांत सुंदर गोष्ट. तो फक्त एका टोकाला बांधतो.

नियमामागचा विचार असा की पायलट अचानक गेले तर विमाने रद्द होतात, प्रवाशांचे हाल होतात, म्हणून तसे जाणे जनहिताच्या विरुद्ध आहे. विचार योग्यच आहे. मात्र कंपनी अचानक गेली तर काय, हा प्रश्न विचारून सरकारने कुणाला अडचणीत आणले नाही. किंगफिशर २००५ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा तिच्या पायलटांचे आणि इंजिनिअरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघाले. पंचवीस वर्षे चाललेली कंपनी एका रात्रीत थांबली आणि वीस हजारांच्या आसपास माणसे घरी बसली. पायलट त्याआधीचे काही महिने पगाराविना विमाने उडवत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मालमत्तेची विक्री करून देणी भागवायचा आदेश दिला, म्हणजे साडेपाच वर्षे थकलेल्या पगाराचा प्रश्न आता रांगेत लागला. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवसापासून उड्डाणे थांबवली. या तिन्ही ठिकाणी कंपनीने वर्षभराची नोटीस दिली नाही. द्यायची गरजच नव्हती, कारण तसा नियम नाही.

जुन्या मालकाला असे करता आले नसते. सालगड्याला मध्येच हाकलले तर पारावर चार माणसे जमून जाब विचारीत. विमान कंपनीला पार नाही, ही फार मोठी सोय आहे.

गड्याने मात्र दोर तोडला की कोर्ट तत्पर असावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ पायलट नोटिशीचा काळ पुरा न करता निघून गेले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, भरपाई मागितली. दिल्लीच्या न्यायालयातही गेली आणि डीजीसीएने या लोकांवर कारवाई करावी म्हणून आदेश मागितला. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तिची उड्डाणे खरोखर कोलमडली होती. त्रेचाळीस माणसे जाऊन वेळापत्रक कोलमडत असेल तर त्रेचाळीस माणसांचे मोल किती, हा हिशेब पगाराच्या वेळी करायचा असतो की दाव्याच्या वेळी, यावर दोन मते असू शकतात. आपल्याकडे तो दाव्याच्या वेळी करायची रीत आहे.

पगाराचेही तसेच. विस्तारा एअर इंडियात विलीन व्हायची होती तेव्हा तिच्या पायलटांना नवा करार आला. आधी महिन्याच्या ७० तासांच्या उड्डाणाचा पगार ठरलेला होता, विमान उडो वा न उडो. नव्यात ४० तासांचा ठरला, वरचे जेवढे उडवाल तेवढे. मार्च आणि एप्रिल २०२४ मध्ये पायलट आजारी पडू लागले, विमाने रद्द होऊ लागली, शेवटी कंपनीने रोजची पंचवीस-तीस उड्डाणे स्वतःच कमी केली. बाहेर लोक म्हणाले, लाखांत पगार घेणाऱ्यांना आणखी किती हवे. माझे त्या लोकांशी एकमत आहे. ज्याच्या डोक्यावर एक कोटीचे कर्ज आहे त्याचे उत्पन्न स्थिर असले की तो निर्धास्त होतो आणि कर्ज फेडून टाकतो. कर्ज फिटलेला माणूस सोडून जाण्याचा विचार करू लागतो. हप्ता ठरलेला आणि पगार हलता, अशी जोड बसली की तो जागच्या जागी राहतो.

पायलटाच्या कामाविषयी आमच्या सोसायटीचे मत ठाम आहे. पार्किंगमध्ये आमच्या इमारतीतल्या कॅप्टनला कुणीतरी विचारतोच, "काय कॅप्टन, विमान तर ऑटोपायलटवर असतं ना? तुम्ही करता काय?"

"बसतो, काका," तो म्हणतो आणि हसतो.

हे बसणे कधी सुरू होते ते मी पाहिलेले आहे. पहाटे पावणेतीनला गेटशी कंपनीची गाडी लागते. वॉचमन उठून रजिस्टरमध्ये नंबर लिहितो आणि सहीसाठी पेन ड्रायव्हरकडेच मागतो, कारण आपले चालत नाही. कॅप्टन लिफ्टमधून उतरतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, चाकांची काळी बॅग, डोळ्यांखाली सूज. लिफ्टचे दार वाजू नये म्हणून ते तो हाताने धरून सोडतो. सिंहगड रोडवर त्या वेळी फक्त पाण्याचे टँकर असतात. धायरी शहराच्या एका टोकाला आणि लोहगावचा विमानतळ दुसऱ्या. पोहोचल्यावर ब्रेथ ॲनलायझर, हवामानाचे कागद, इंधनाचा आकडा, मग साडेपाचचे विमान. मागे एकशेऐंशी माणसे माना टाकून झोपतात. तो एकटा आणि शेजारचा को-पायलट जागे.

पहाटे दोन ते सहा ही माणसाच्या शरीराची सर्वांत मंद वेळ, असे विमानवैद्यक सांगते. ही वेळ कंपन्यांना प्रिय आहे. त्या वेळी विमानतळावर जागा मिळते, विमान दिवसाकाठी एक फेरी जास्त मारते, आणि तिकीट स्वस्त ठेवता येते. ते स्वस्त तिकीट आम्ही धायरीकर घेतो. दिल्लीचे सकाळी दहाचे विमान सात हजारांना आणि पहाटेचे चार हजारांना असेल तर आम्ही एका घटकेचाही विचार करत नाही. तीन हजार वाचले, हे घरी सांगताना आमचा चेहरा उजळतो. त्या तीन हजारांत कुणाची तरी झोप आहे, हे तिकिटावर छापलेले नसते, आणि छापले असते तरी आम्ही घेतलेच असते. व्यवस्था अशी एकमताने चालते म्हणून टिकते.

काही निंदक मंगळूरचे नाव काढतात. २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. कॅप्टन परदेशी होता. त्या काळी आपल्याकडे कॅप्टन कमी पडत म्हणून बाहेरून आणत. चौकशीत उघड झाले की प्रवासातला दीड तासाहून जास्त वेळ तो झोपलेला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणे ऐकू आले. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर, नागपूर-पुणे विमान घेऊन निघण्याआधी, एक कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. आदल्या पहाटे तीन ते सात या वेळात त्याने दोन उड्डाणे केली होती. कंपनीने सांगितले, मध्ये २७ तासांची विश्रांती मिळाली होती. खरे आहे, मिळाली होती. रोस्टर नियमात बसत होते. त्या मृत्यूचे कारण रोस्टरमध्ये शोधायचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की रोस्टर नियमात बसणे हे आपल्याकडे शेवटचे उत्तर असते, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारायचे श्रम वाचतात.

तरीही जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएला दया आली. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीच्या वेळी सहाऐवजी दोनच लँडिंग, असे नवे नियम जाहीर झाले. १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली, तारीख गेली. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे जाहीर झाल्यापासून पूर्ण लागू होईपर्यंत बावीस महिने. बावीस महिन्यांत एखाद्या साध्या माणसाने गरजेइतके पायलट नेमून ठेवले असते. देशातली साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी वाहतूक जिच्या हाती आहे त्या इंडिगोने तसे केले नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणे रद्द. लोहगावात बॅगांचे ढीग, जमिनीवर झोपलेली म्हातारी माणसे, लग्नाला निघालेली आणि पुण्यातच राहिलेली वऱ्हाडे. विमाने होती, इंधन होते, प्रवासी होते. झोप झालेला पायलट नव्हता. यावर सरकारने जो तोडगा काढला त्याला माझा नमस्कार आहे. सरकारने झोपेचा नियम शिथिल केला. रात्रीच्या कामाच्या अटींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरता येणार नाही, अशी जी सूचना होती तीही मागे घेतली गेली. पायलटाने बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजा काढली तर ती त्याची विश्रांती झाली. मांडवात उभा होता की पडून होता, हा तपशील गौण. भाड्यांवरही मर्यादा आली: पुणे-दिल्लीएवढ्या अंतराला १५,००० रुपये. एका आठवड्यात नियम पायलटाकडून निघून पुन्हा कंपनीकडे आला. ज्याने नेमणुका केल्या नाहीत त्याची सोय झाली आणि ज्या कंपन्यांनी केल्या होत्या त्यांना कळले की त्यांनी खर्च वाया घालवला.

एवढी घट्ट बांधणी असूनही कॅप्टन जातात. आखातात जातात.

दुबईच्या एमिरेट्सने २५ ऑक्टोबर १९८५ रोजी कराचीला पहिले विमान नेले आणि लगेच मुंबई, दिल्ली सुरू केली. त्या वेळी तिची काही विमाने पाकिस्तानच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. आज लंडनला किंवा न्यूयॉर्कला निघालेला धायरीचा माणूस दुबई, अबुधाबी किंवा दोह्यात उतरून जातो, कारण लोहगावातून थेट मोठे विमान उठत नाही. ही स्पर्धा रोखण्यासाठी आपण एक उपाय केला. दुबईसाठी आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली आणि एमिरेट्स कितीही वेळा मागो, ती वाढवायची नाही असे धोरण राहिले. प्रवासी अडले. पायलटांवर मर्यादा घालायची राहून गेली. तिकडे करमुक्त पगार आहे, राहायला घर किंवा घरभाडे आहे, मुलांच्या शाळेचा खर्च आहे. इकडे हप्ता आहे.

अमेरिकेतही आखाती कंपन्यांविरुद्ध तक्रार झाली होती. २०१५ मध्ये डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या तिघींनी एकत्र येऊन सांगितले की या कंपन्यांना त्यांच्या सरकारांनी ४२ अब्ज डॉलरची मदत केली आहे. तक्रार करून त्या थांबल्या असत्या तर बरे झाले असते. पण २०२३ मध्ये डेल्टाने आपल्या पायलटांशी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला. हा मार्ग धोक्याचा आहे. पायलटाला पैसे देऊन ठेवायचे म्हटले तर मग नोटिशीच्या नियमाची गरज काय उरते?

आपण तो मार्ग घेतला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे मॉन्ट्रियलच्या आयसीएओकडे, लेखी गाऱ्हाणे मांडले: परदेशी कंपन्या आमचे अनुभवी पायलट आणि इंजिनिअर नेतात, आम्ही शिकवतो आणि ते घेऊन जातात, आमची वाढ खुंटते, तरी यावर आचारसंहिता करावी. त्या गाऱ्हाण्यात एक शब्द मला थोडा खटकला. "आम्ही शिकवतो." शिकवण्याचे पैसे धायरीतल्या निळ्या फोल्डरमधून गेलेले असतात. पण मॉन्ट्रियलला फोल्डर कोण दाखवणार? शिवाय परदेशी पायलटांना तात्पुरता परवाना देऊन आपल्याकडे बोलावण्याची सोय आपण स्वतः चालू ठेवली आहे, तिला फाटा म्हणतात. म्हणजे त्यांचे आपण घ्यायचे, आपले त्यांनी घ्यायचे नाहीत. एवढा स्पष्ट विचार जागतिक संघटनेपुढे निर्भयपणे मांडल्याबद्दल मला अभिमान वाटतो.

शेजारची मुलगी बारामतीहून २०० तास करून आली. तिने मला विचारले, "काका, नोटिशीचा नियम दोन्हीकडून का नाही? कंपनी बंद करायची तर त्यांनीही वर्षभर आधी सांगावं आणि वर्षाचा पगार बाजूला ठेवावा." अजून ती कामाला लागलेली नाही, त्यामुळे असे प्रश्न पडतात. पगार बाजूला ठेवायला लावला तर उद्या कंपन्याच कुणी काढणार नाही, आणि कंपन्या निघाल्याच नाहीत तर बुडतील कशा? तिच्या आईने मात्र तिची बाजू घेतली. "तिचं काय चुकलं? बँक आमच्याकडून वीस वर्षांचं लिहून घेते. त्यांच्याकडून एक वर्षाचंही कुणी लिहून घेऊ नये?" मी त्यांना नियमामागचे जनहित समजावून सांगितले. त्यांनी चहा ठेवला, पण त्यांना पटल्याचे दिसले नाही.

नव्या पालकांनी खचू नये. एअर इंडिया अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर स्वतःची उड्डाणशाळा उभारते आहे. ३४ प्रशिक्षण विमाने, वर्षाला १८० पायलट असा तिचा आराखडा आहे. विदर्भातल्या मुलांना घराजवळ सोय झाली. शिकून निघालेल्या प्रत्येकाला पुढे कॅप्टन झाल्यावर वर्षभराची नोटीस असेलच. धायरीतून ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांनी बँकेत जाताना इंडेक्स टूची प्रमाणित प्रत न्यावी, साधी झेरॉक्स घेत नाहीत; फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर आईलाही सहीला यावे लागते; आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र तीन महिन्यांच्या आतले हवे, नाहीतर परत पाठवतात.